आंब्याचा माग काढणारी माशी

एप्रिल-मे महिन्यांत नवी मुंबईतल्या तुर्भ्याच्या फळबाजारात पाय ठेवायला जागा नसते. देवगड, रत्नागिरी, राजापूर, अलिबागकडून रात्रभर धावत आलेल्या गाड्या पहाटे रिकाम्या होतात. माथाडी कामगार गाळ्यागाळ्यांत पेट्यांच्या थप्प्या लावतात आणि दलाल पेटी फोडून वरच्या थरातलं एखादं फळ नाकाशी धरून भाव बोलतात. सगळा महाराष्ट्र या बाजाराला ‘वाशी मार्केट’ म्हणून ओळखतो. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची निर्यात सुविधा केंद्रंही वाशीतच आहेत. परदेशी निघालेल्या हापूसला तिथे आणखी एक परीक्षा द्यावी लागते. युरोपला जायचं असेल तर ४८ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात तासभर बुडून राहायचं. जपानला जायचं असेल तर दमट, उष्ण हवेच्या खोलीत फळाच्या गाभ्यापर्यंत ४७.५ अंश तापमान पोचवायचं आणि २० मिनिटं ते टिकवायचं. अमेरिकेला जायचं असेल तर कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांखालून जायचं.

यातलं काहीही आंब्याची चव वाढावी म्हणून केलं जात नाही. फळ जास्त दिवस टिकावं हाही मुख्य हेतू नाही. हा सारा खटाटोप एका माशीसाठी आणि एका भुंग्यासाठी चालतो. कीटक आणि वनस्पती यांच्या नात्याचा अभ्यास म्हटलं की प्रयोगशाळेतली टाचणी टोचलेली फुलपाखरं आठवतात. पण त्या नात्यावर किती माणसांची चूल अवलंबून आहे हे पाहायचं असेल, तर वाशीइतकी चांगली जागा सापडणं कठीण.

माशीचं शास्त्रीय नाव बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. मराठीत नुसतं ‘फळमाशी’ म्हटलं तरी बागायतदाराला कोणती ते कळतं. घरातल्या माशीएवढी किंवा तिच्याहून किंचित लांब, अंगकाठी मात्र सडपातळ, गांधीलमाशीचा भास व्हावा अशी. छाती काळपट, तिच्या दोन्ही कडांना पिवळे पट्टे, पोटावर इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी काळी खूण, पंख काचेसारखे पारदर्शक आणि त्यांच्या पुढच्या कडेला गडद रेघ. घरात पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारी चिलटं ती ही नव्हेत. चिलटं बहुतेक करून सडू लागलेल्या फळावर येतात. फळमाशी झाडावरचं धडधाकट फळ गाठते. तिला सडका नाही, तयार होत आलेला आंबा हवा असतो. माणसालाही तोच हवा असतो, आणि सगळा संघर्ष तिथून सुरू होतो.

मादी फळावर उतरली म्हणजे लगेच अंडी घालते असं नाही. आधी ती सालीवरून फिरते. पायांनी आणि तोंडानं चाचपते, थांबते, पुन्हा थोडी सरकते. खरचटलेली जागा किंवा आधीची एखादी चीर मिळाली तर तिचं काम सोपं होतं, कारण तिथे साल भेदायला कमी कष्ट पडतात. जागा पसंत पडली की पोटाचं टोक खाली वाकवून ती अंडनलिका सालीत खुपसते आणि तशीच स्थिर राहते. आत पांढरी, किंचित वाकडी, जेमतेम मिलिमीटरभर लांबीची अंडी झुबक्यानं ठेवली जातात. मादी उडून गेल्यावर सालीवर सुईच्या टोकाएवढं छिद्र उरतं, कधी त्यावर रसाचा एक बारीक थेंब दिसतो. बागायतदार त्याला ‘डंख’ म्हणतात. एक मादी तिच्या आयुष्यात हजाराहून जास्त अंडी घालू शकते.

एक-दोन दिवसांत अंडी उबतात. अळ्या गर खात खात आत शिरतात, आठवडा-दहा दिवसांत सेंटिमीटरभर लांब होतात. तोवर फळ बहुधा गळून पडलेलं असतं. पूर्ण वाढलेली अळी फळाबाहेर येते आणि मग उडी मारते. पाय नसलेला जीव उडी मारतो हे पाहणाऱ्याला खरं वाटत नाही. शरीराची दोन टोकं जवळ आणून ती स्वतःला ताणते आणि एकदम सोडते. अशा उड्या मारत ती झाडाखालच्या भुसभुशीत मातीपर्यंत पोचते, दोन-चार सेंटिमीटर खोल शिरते आणि तिथे कोषात जाते. साधारण दहा-बारा दिवसांनी मातीतून नवी माशी बाहेर येते.

या सगळ्यात आंब्याचं झाड गप्प बसलेलं असतं असं कुणाला वाटेल. तसं नाही. कैरी तोडताना देठातून जो चीक उडतो आणि अंगावर पडला तर फोड उठवतो, तो झाडाचा बंदोबस्त आहे. कच्च्या आंब्याच्या सालीत चिकाच्या सूक्ष्म नळ्यांचं जाळं पसरलेलं असतं. डॅनिएल जोएल या संशोधकानं १९८० मध्ये या नळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि दाखवून दिलं की फळमाशीनं सालीत घातलेली अंडी चिकात सापडली तर मरतात. फळ पिकायला लागलं की चिकाचा जोर ओसरतो, सुगंध सुटायला लागतो, आणि मादीला वाट मोकळी होते. झाडाच्या दृष्टीनं ती वेळ बरोबरच असते. बाठा तयार झालेला असतो, आता कुणीतरी फळ खाऊन तो दूर नेऊन टाकायला हवा असतो. चिकाचा पहारा उठतो तो माकडा-वटवाघळांसाठी, माशीला त्याचा फायदा आपसूक मिळतो.

कोकणातल्या बागायतदारांनी हे वेळापत्रक अनुभवानं ओळखलेलं आहे. हापूस झाडावर पिकू देत नाहीत. ‘चौदा आणे तयार’ झाला की उतरवतात, म्हणजे साधारण ८५ टक्के पक्वतेला, साल अजून हिरवी आणि टणक असताना. झेल्यानं, देठासकट, फळाला धक्का न लावता. देठ तुटला तर चीक सालीवर ओघळून काळे डाग पडतात आणि पेटीचा भाव घसरतो. फळ नंतर पेंढ्याच्या अढीत पिकतं. या एका शिस्तीमुळे हंगामाच्या पूर्वार्धातला बराचसा हापूस माशीच्या तावडीतून सुटतो.

उत्तरार्धाची गोष्ट वेगळी. मे महिना सरता सरता वळवाच्या सरी येतात, हवा दमट होते, माती ओलावते. कोषांतून माश्या मोठ्या संख्येनं बाहेर पडायला हे दिवस सोयीचे असतात, आणि नेमक्या याच वेळी झाडावर राहिलेली फळं पिकत असतात. मिरग लागला की आंबा खाऊ नये, त्यात अळ्या होतात, असं कोकणातल्या घरांत म्हातारी माणसं सांगतात. त्यांनी माशीचं जीवनचक्र वाचलेलं नसतं, पण निरीक्षण अचूक आहे. घरोघरी असं निरीक्षण सांभाळलं गेलं हेही एक प्रकारचं कीटकशास्त्रच म्हणायला हवं, आणि त्याची नोंद शास्त्रज्ञांनी अधिक आदरानं घ्यायला हवी.

फळमाशीचं मोठं गुपित मात्र फळबागेत उलगडलं नाही. ते उलगडलं बिहारमधल्या पुसा इथे, डासांमुळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुशाच्या कृषी संशोधन संस्थेत फ्रँक मिलबर्न हॉलेट नावाचा इंग्रज कीटकतज्ज्ञ काम करत होता. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियन इन्सेक्ट लाइफ’ या हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय यांच्या ग्रंथाला त्याचंच साहाय्य होतं. त्याच्या एका शेजाऱ्यानं डास पळवायला सिट्रोनेलाचं तेल वापरलं, तर डास जायचे ते जावोत, भलत्याच माश्यांनी त्याला हैराण केलं. हॉलेटनं त्या माश्या पाहिल्या. त्या फळमाश्या होत्या आणि सगळ्याच्या सगळ्या नर होत्या. एकही मादी नाही. दुसरा कुणी असता तर तेल बदलायचा सल्ला देऊन मोकळा झाला असता. हॉलेट प्रश्नाच्या मागे लागला. १९१२ मध्ये त्यानं हे निरीक्षण प्रसिद्ध केलं आणि १९१५ मध्ये नरांना वेड लावणारा घटक कोणता ते सांगितलं: मिथाइल युजेनॉल.

हे रसायन मराठी माणसाच्या अंगणात आहे. तुळशीच्या पानांचा जो वास बोटांना लागतो, त्यात युजेनॉल असतं आणि त्याच्या जोडीला मिथाइल युजेनॉलही असतं. तुळशीची पानं कुस्करून ठेवली तर फळमाशीचे नर तिथे येतात, पानावर बसून चाटत राहतात. फळ नाही, गर नाही, अंडी घालायचा प्रश्नच नाही, तरी येतात. जगभरातल्या साडेचारशेहून जास्त वनस्पतींमध्ये हे द्रव्य सापडलं आहे. वनस्पती ते माशीसाठी बनवत नाहीत. बुरशीला आणि पानं खाणाऱ्या किड्यांना दूर ठेवायला अशी तिखट, उग्र द्रव्यं त्यांना उपयोगी पडतात.

या द्रव्यांना पूर्वी वनस्पतींची टाकाऊ उत्पादनं समजत. गॉटफ्रीड फ्रँकेल यांनी १९५९ मध्ये ठासून मांडलं की ती कीटकांपासून बचावासाठीच आहेत, आणि ज्या कीटकांनी एखाद्या द्रव्यावर मात केली, त्यांना तेच द्रव्य पुढे अन्नाचा पत्ता सांगतं. १९६४ मध्ये पॉल एरलिक आणि पीटर रेव्हन यांनी फुलपाखरं आणि त्यांची खाद्यझाडं एकमेकांसमोर ठेवून ही कल्पना पुढे नेली: वनस्पती नवं विष घडवते, कीटक त्यावर तोड काढतो, वनस्पती आणखी पुढे जाते. रुईच्या पानावर वाढणारी सुरवंटं याची साक्ष वाशीच्या कुठल्याही मोकळ्या भूखंडावर देतील. रुईच्या चिकातलं विष इतरांना बाधतं. ‘प्लेन टायगर’ या तांबूस फुलपाखराचं सुरवंट आधी पानाच्या शिरा कुरतडून चिकाचा पुरवठा तोडतं आणि मग निवांत खातं.

फळमाशीच्या नराला मिथाइल युजेनॉल कशाला हवं असतं, याचं उत्तर मिळायला हॉलेटनंतर बरीच दशकं गेली. मलेशियातले तान केंग हाँग, जपानच्या क्योटो विद्यापीठातले रित्सुओ निशिदा आणि हवाईत काम करणारे टॉड शेली यांच्या संशोधनातून चित्र स्पष्ट झालं. नर ते द्रव्य खातो, शरीरात त्याचं रूपांतर करतो आणि शेपटाकडच्या ग्रंथीत साठवतो. संध्याकाळी, उजेड मावळताना, नर पंख थरथरवत हा गंध हवेत सोडतो आणि माद्या त्याकडे येतात. ज्यानं मिथाइल युजेनॉल खाल्लेलं असतं त्या नराला जोडीदार मिळण्याची शक्यता वाढते, आणि एकदा खाल्लेल्याचा हा लाभ त्याला कित्येक आठवडे पुरतो. म्हणजे तुळशीवर बसलेला तो नर पोट भरायला आलेला नसतो, तो अत्तर घ्यायला आलेला असतो.

मलेशियातल्या काही बल्बोफायलम ऑर्किडांनी तर याच ओढीवर आपला संसार उभा केला आहे. त्यांच्या फुलात मध नसतो, मिथाइल युजेनॉल असतं. फुलाची खालची पाकळी बिजागरीवर झुलते. नर ती चाटत पुढे सरकला की तोल जाऊन पाकळी उलटते आणि तो थेट परागांच्या गोळीवर आदळतो. गोळी पाठीला चिकटते, आणि पुढच्या फुलावर पुन्हा हेच घडून परागीभवन होतं. कोकणच्या बागायतदाराची वैरीण असलेली जात तिथे एका फुलाची सोबतीण आहे. कीटकांना उपयोगी आणि उपद्रवी अशा दोन खान्यांत टाकायची आपली सवय किती अपुरी आहे, हे यातून कळतं.

हॉलेटच्या शोधाचा कोकणातला वारसा म्हणजे ‘रक्षक सापळा’. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठानं तो विकसित केला. प्लॅस्टिकचं भांडं, त्याला माशीला आत शिरता येईल अशी छिद्रं, आणि आत मिथाइल युजेनॉल व कीटकनाशकात भिजवलेला लाकडाचा ठोकळा. झाडाला टांगला की नर येतात आणि मरतात. हंगामात भांड्याच्या तळाशी माश्यांचा थर साचतो. तो थर पाहून बागायतदार खूश होतो, आणि इथे थोडं थांबून विचार करायला हवा. भांड्यात पडलेल्या माश्या नर आहेत. आंब्याला डंख मारते मादी. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे बागेतले निम्मे नर मेले तरी अंडी घालणं थांबत नाही. जवळजवळ सगळेच नर गेले पाहिजेत, आणि तेही नुसत्या एका बागेतले नव्हे, आजूबाजूच्या साऱ्या परिसरातले.

हे शक्य आहे का? आहे. प्रशांत महासागरातल्या रोटा नावाच्या लहानशा बेटावर १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मिथाइल युजेनॉल आणि कीटकनाशकात भिजवलेले तुकडे सर्वत्र टाकून ही माशी समूळ नाहीशी करण्यात आली. जपाननं ओकिनावासह आपल्या नैर्ऋत्येकडच्या बेटांवर १९६८ मध्ये काम सुरू केलं आणि १९८६ मध्ये शेवटचं बेट मुक्त झाल्यावरच थांबलं. अठरा वर्षं. त्याच सुमारास जपाननं भारतीय आंब्याला दार बंद केलं, आणि ते सुमारे वीस वर्षांनी, २००६ मध्ये, बाष्पप्रक्रियेच्या अटीवर उघडलं. त्या बंदीकडे व्यापारातली आडमुठी अट म्हणून पाहिलं जातं, पण जो देश एका माशीमागे अठरा वर्षं राबला, तो तिला फळाच्या पेटीतून परत कशाला आत घेईल? आफ्रिकेची कहाणी तर ताजी आहे. २००३ मध्ये केनियात पहिल्यांदा आढळलेली ही माशी पाहता पाहता खंडभर पसरली आणि तिथल्या आंब्याच्या निर्यातीला तिनं मोठा फटका दिला.

जपानसारखंच युरोपनंही २०१४ मध्ये दार बंद केलं. आधीच्या वर्षी भारतातून गेलेल्या फळभाज्यांच्या २०७ खेपांमध्ये फळमाशीसारखे कीटक सापडले होते. १ मे २०१४ पासून युरोपीय संघानं आंबा, वांगं, कारलं, पडवळ आणि अळू यांच्यावर बंदी घातली. ऐन हंगामात आदेश लागू झाला. लंडन-लेस्टरमधल्या भारतीय दुकानांत तो हापूसचा काळ, आणि तिथली मराठी घरं अक्षय्य तृतीयेच्या आसपास पेटीची वाट पाहत असतात. तो हंगाम कोरडा गेला. तपासणी आणि प्रक्रियेची व्यवस्था सुधारल्यावर जानेवारी २०१५ मध्ये आंब्यापुरती बंदी उठवण्याचा निर्णय झाला.

अमेरिकेची तक्रार दुहेरी होती. फळमाशी होतीच, पण बाठ्यातला भुंगा, म्हणजे कोयकिडा, हा त्यांना जास्त धास्तीचा वाटे. त्याचं वागणं पाहिलं की कारण पटतं. मादी लहान कैरीच्या सालीवर अंडं घालते. अळी कोवळा गर पार करून थेट बाठ्यात शिरते, तोवर बाठा टणक झालेला नसतो. मग फळ वाढतं, अळीनं केलेली वाट भरून येते, साल निर्दोष दिसते. आत बाठ्यात अळीचा कोष होतो, कोषाचा भुंगा होतो, आणि बाहेरून कुणालाही पत्ता लागत नाही. डोळ्यांनी तपासून हे फळ ओळखता येत नाही, गरम पाण्याची आचही बाठ्यात पुरेशी पोचेल याची खात्री नसते.

त्यावर उपाय सापडला तो वाशीच्या खाडीपलीकडे, तुर्भ्याहून फार दूर नसलेल्या ट्रॉम्बेत. तिथल्या भाभा अणु संशोधन केंद्रानं नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला ‘कृषक’ नावाचं विकिरण केंद्र उभारलं होतं, मूळ उद्देश कांद्याला कोंब फुटू नयेत हा. त्याच केंद्रातून २००७ मध्ये विकिरण केलेला हापूस सुमारे दोन दशकांनंतर अमेरिकेला गेला. नंतर पणन मंडळाच्या वाशीच्या केंद्रातही ही सोय झाली. किरणांची मात्रा ४०० ग्रे ठेवली जाते. या मात्रेनं कीटक लगेच मरतोच असं नाही. अळी जिवंत राहिली तरी तिची प्रौढ माशी होत नाही, भुंगा जगला तरी त्याची पिल्लं होत नाहीत. फळ किरणोत्सारी होत नाही, चवीत फारसा फरक पडत नाही. व्यवस्था नाजूक मात्र आहे. करोनाच्या काळात अमेरिकी निरीक्षक येऊ शकले नाहीत, तर दोन हंगाम निर्यात थांबली आणि २०२२ मध्ये सुरू झाली. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण झालेल्या १५ खेपा कागदपत्रांतल्या त्रुटींवरून अमेरिकेच्या विमानतळांवर नाकारल्या गेल्या आणि तिथेच नष्ट कराव्या लागल्या. त्या फळांवर एकही कीड सापडली, असं कुणी म्हटलेलं नव्हतं.

वाशीची केंद्रं आवश्यक आहेत, यात शंका नाही. पण ती साखळीची शेवटची कडी आहेत. निर्यात होतो तो एकूण पिकाचा लहानसा भाग. देशातल्या बाजारात येणाऱ्या, घरी खाल्ल्या जाणाऱ्या, आणि झाडाखालीच सडून जाणाऱ्या आंब्याचं काय? त्याचं उत्तर बागेतच शोधावं लागेल, आणि ते फवारणीच्या पंपात नाही.

फवारणीचा विषय निघाला की मोहोराकडे पाहायला हवं. डिसेंबर-जानेवारीत मोहोर फुटला की तुडतुडे येतात, रस शोषतात, त्यांच्या गोड विष्ठेवर काळी बुरशी वाढते. कोकणात त्याला ‘खार’ म्हणतात. त्यात अलीकडे फुलकिडींची भर पडली आहे. बागायतदार घाबरून फवारतो, आणि त्याची भीती खोटी नाही, वर्षाचं पीक त्या मोहोरावर असतं. पण त्याच मोहोरावर परागीभवनाला येतात त्याही मुख्यतः माश्याच. फुलमाश्या, हिरव्या-निळ्या चकचकीत माश्या, लहान पोयाच्या मधमाश्या. मोहोरातली बहुतेक फुलं नर असतात, फळ धरू शकणारी थोडी, आणि हापूसला स्वतःच्याच परागावर फळ धरणं कठीण जातं. म्हणून बागेत रायवळ, केसर अशी दुसऱ्या जातीची काही झाडं ठेवायला सांगतात. पण पराग एका झाडावरून दुसऱ्यावर नेणारं कुणी उरलंच नाही तर ती झाडं ठेवून उपयोग काय? ऐन फुलोऱ्यात फवारू नका, हा सल्ला कृषी विद्यापीठ वर्षानुवर्षं देत आलं आहे. तो पाळला जाणं ही हापूसच्या भवितव्यातली एक मोठी गोष्ट आहे.

आणखी एक रखवालदार आंब्यावर फुकट बसलेला असतो आणि आपण त्याला हाकलतो. हुमले. पानं शिवून घरटी करणाऱ्या या तांबड्या मुंग्या आंबे उतरवणाऱ्याला असा चावा घेतात की झाडावरची पकड सुटते, म्हणून त्यांची घरटी जाळली किंवा फवारली जातात. चीनमध्ये संत्र्यांच्या बागांत या मुंग्यांची घरटी मुद्दाम आणून बांधत, अशी नोंद इसवी सन ३०४ च्या एका ग्रंथात आहे. पश्चिम आफ्रिकेत बेनिनमधल्या आंब्याच्या बागांत पॉल व्हॅन मेले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की जिथे अशा पानं शिवणाऱ्या मुंग्या भरपूर असतात तिथे फळमाशीचं नुकसान कमी असतं. मुंगी अळ्या उचलून नेते हे खरंच, पण ज्या फळावरून मुंग्या फिरून गेल्या त्यावर मादी अंडी घालायचं टाळते. कोकणातल्या हुमल्यांवर असा सविस्तर अभ्यास व्हायला हवा, हे आग्रहानं सांगावंसं वाटतं.

सध्या बागेत करता येण्याजोगी कामं साधी आहेत आणि कष्टाची आहेत. वाढत्या फळाला कागदी पिशवी घालणं हे त्यातलं एक. साल स्वच्छ राहते आणि मादीला फळ गाठताच येत नाही. झाडाखाली पडलेलं प्रत्येक फळ उचलणं हे दुसरं. त्यातली अळी मातीत शिरायच्या आत फळ खोल खड्ड्यात पुरायचं किंवा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवायचं. अर्धवट माती लोटून उपयोग नाही, माशी त्यातून वर येते. आणि तिसरं म्हणजे सापळे एकट्यानं न लावता साऱ्या गावानं एकदम लावणं. गुजरातेत नवसारी कृषी विद्यापीठाचा ‘नवरोजी-स्टोनहाउस’ सापळा प्रचलित आहे, तिथेही आणि इतरत्रही अनुभव हाच आहे की एका बागेपुरता उपाय केला तर शेजारच्या बागेतून माद्या येत राहतात.

शहरालाही यातून अंग काढता येत नाही. ही माशी आंब्यापुरती नाही. पेरू, चिकू आणि रस्त्याकडेचा देशी बदाम तिला चालतो. वाशी, नेरुळ, बेलापूरच्या सेक्टरांमधून पेरूची आणि बदामाची झाडं भरपूर आहेत. बदामाची पिकलेली फळं पदपथावर पडतात, कुणी उचलत नाही, आणि आंब्याचा हंगाम नसतानाही माशीच्या पिढ्या त्यावर चालू राहतात. ज्या शहरात हापूसला कीडमुक्त ठेवण्यासाठी कोबाल्टचे किरण वापरले जातात, त्याच शहरात बाजाराच्या कचऱ्यात आणि सोसायट्यांच्या आवारात अळ्या भरलेली फळं उघड्यावर असतात. २०१८ च्या सुमारापासून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मलावीचा हापूसही तुर्भ्यात उतरायला लागला आहे. रत्नागिरीच्या कलमांपासून तयार झालेली ती झाडं, फळमाशी आधीच पोचलेल्या खंडातली. ज्या काटेकोरपणानं टोकियो आणि रॉटरडॅमला आपल्या पेट्या तपासल्या जातात, त्याच काटेकोरपणानं त्या पेट्यांची तपासणी आपल्या बंदरांवर आणि विमानतळांवर व्हायला हवी. पालिकेच्या उद्यान विभागानं पडलेल्या बदाम-पेरूंची विल्हेवाट मार्च ते जून या काळात तरी वेगळी लावली, तर त्याचा उपयोग पनवेल-अलिबागकडच्या बागांनाही होईल.